ऑप्शनला टाकलेलं शतक

पेपरांचं पाकीट फोडून मिरांडानं वाटायला सुरुवात केली तेव्हा त्याचं लक्ष प्रश्नांकडे नव्हतंच. वाटायचे, सह्या घ्यायच्या, उरलेले ऑफिसात परत पाठवायचे, एवढंच सुपरवायझरचं काम. शेवटच्या बाकापर्यंत जाऊन तो वळला आणि मग त्याला जाणवलं, की हॉल फार गप्प आहे. पेपर हातात पडला की पोरांचा एक बारीक आवाज होतो. कोणी हुश्श करतो, कोणी 'आयला' म्हणतो, कोणी गळ्यातल्या ताईताला हात लावतो. आज तसलं काहीच झालं नाही. एकेक डोकं वर आलं. आधी खिडकीजवळचं, मग मधल्या रांगेतली दोन-तीन, मग सगळीच. आणि ती डोकी घड्याळाकडे नाही, पंख्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. मिरांडानं हातातल्या उरलेल्या पेपरांतला वरचा सुलटा केला. पहिला प्रश्न सक्तीचा आणि निम्मा पेपर त्याच्या एकट्यावर. साध्या सरळ इंग्रजीत विचारलं होतं, की अठराव्या शतकातल्या वाङ्मयाच्या मुख्य प्रवृत्ती कोणत्या, साधार सांगा. त्यानं ते वाक्य परत वाचलं. मग पेपर उलटून मागची बाजू बघितली, जणू तिथं काही तडजोड छापलेली असेल. तिथं बाकीचे प्रश्न होते आणि ते सगळे त्यानं सांगितल्याप्रमाणे आले होते.

खरं तर तो इथं असायचाच नव्हता. ज्याच्या विषयाचा पेपर त्याला त्या हॉलवर घालत नाहीत. पण अर्थशास्त्राच्या श्यामसुंदरला कावीळ झाली, दुसरं कोणी मोकळं नव्हतं, आणि प्रिन्सिपॉल हसत म्हणाले, "जा हो तुम्हीच. तुमचीच पोरं आहेत म्हणून काय उत्तरं सांगणार आहात का त्यांना?" मिरांडाही हसला होता. इसिडोर मिरांडा, इंग्रजी विभाग, अंधेरीच्या या कॉलेजात बारा पावसाळे काढलेला माणूस. त्याला कोण नावं ठेवणार? तो शिकवत होता तो पेपर तसा कोणालाच नको असायचा. इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास, पहिल्यापासून आजपर्यंत, तेराशे वर्षं एका वर्षात. पोरं सगळी मराठी शाळांतली, बोरीवलीपासून वर्सोव्यापर्यंतची. आडनाव मिरांडा म्हणजे सरांच्या घरी मांजरसुद्धा इंग्रजीत बोलावतात, असा त्यांचा पक्का समज. मिरांडाच्या घरी इंग्रजी नव्हतं. गावठाणातल्या घरात आई मराठी बोलायची, चर्चमध्ये प्रार्थना मराठीत व्हायची, आणि इंग्रजी त्यालाही या पोरांसारखंच शाळेत, मार खाऊन, उसनं घ्यावं लागलं होतं. म्हणून त्याला त्यांचं दुखणं कळायचं. ही पोरं इंग्रजी वाचू शकत, पाठ करू शकत. पण स्वतःचं एक वाक्य उभं करायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. मग तो मराठीत गोष्टीसारखं समजावून सांगे आणि नंतर सावकाश, कॉमा-फुलस्टॉपसकट, इंग्रजीत उतरवून देई. ती वाक्यं पोरं जपमाळेसारखी घोकत. आणि जे उतरवून दिलेलं नाही, ते त्यांच्यासाठी जगातच नव्हतं.

तो शिकवायचा मात्र झकास. पोरांनाही ते मान्य होतं. अँग्लो-सॅक्सन काळ सांगताना तो खिडकी उघडायला लावायचा. थंडगार समुद्र, मीठ चढलेले हात, काठावर पेटवलेली आग आणि आगीभोवती बसून मेलेल्या राजांची गाणी म्हणणारी माणसं. मध्ययुग आलं की तो त्यांना आपल्या गावठाणात न्यायचा. तिथं उपासाच्या दिवसांत क्रुसाचं नाटक व्हायचं. गावचा बेकरीवाला ख्रिस्ताला क्रुसावर धाडणारा पिलात व्हायचा आणि बायका त्याला खऱ्याखुऱ्या शिव्या घालायच्या. तशी नाटकं त्या लोकांनी गाड्यांवर चढवून चौकाचौकांत फिरवली, तो सांगायचा. मग एलिझाबेथ राणीचा काळ, उघड्यावरची थिएटरं, उभ्यानं नाटक बघणारे, शेंगा खाणारे, ओरडणारे लोक. त्यामागून कर्मठ प्युरिटन आले आणि त्यांनी थिएटरांना टाळं ठोकलं. पुढं राजा परत आला, टाळं निघालं आणि बायका पहिल्यांदा रंगमंचावर उभ्या राहिल्या. इथपर्यंत वर्ग बाकाच्या टोकाला आलेला असे. आणि इथं मिरांडा ते जाडजूड पुस्तक अंगठ्यावर मिटायचा, अंगठा आतच ठेवायचा आणि म्हणायचा, "पुढं शंभर वर्षं काही बघण्यासारखं नाही. केसांचे टोप घातलेली माणसं कॉफी पितात आणि एकमेकांची टिंगल करतात. ऑप्शनला टाका." वर्ग हसायचा. अंगठ्याच्या पलीकडचं पान उघडलं की एकदम डोंगर, नद्या, वारा, आत्मा, सन सतराशे अठ्ठ्याण्णव, रोमँटिक काळ सुरू.

ऑप्शनला टाकणं हे पोरांचं जुनं शास्त्र आहे. पाच प्रश्नांतले तीन सोडवायचे असले तर दोनांचा अभ्यास कशाला करायचा? जे टाकायचं ते विचार करून टाकलं की झालं. हे शास्त्र मास्तरांनी शिकवायचं नसतं, पण मिरांडा शिकवायचा आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. 'मिरांडा सरांचे आयएमपी', म्हणजे हमखास येणारे प्रश्न, बोरीवलीच्या क्लासांपर्यंत पोचायचे. जुने पेपर समोर पसरून तो चहा पीत बसायचा. बायको मॉनिका म्हणायची, "आला बघा आमचा मटकावाला!" आणि तो खूश व्हायचा. इतक्या वर्षांत त्याचा आकडा चुकला नव्हता. अठरावं शतक आलं तरी कोपऱ्यात, टिपा लिहा म्हणून, तेही सोडता येईल असं. सक्तीच्या प्रश्नात ते कधीच नव्हतं, म्हणजे कधीच येणार नाही. आता त्याला वाटलं, कसं वाटलं आपल्याला असं? बारा वर्षं ज्या घराचा दरवाजा उघडला नाही त्या घरात कोणी राहत नाही, हे कोणी सांगितलं आपल्याला? पंखा वर कुरकुरत होता. बाहेरून एक विमान इतकं खालून गेलं की खिडक्यांची तावदानं थरथरली. रोज जातं आणि रोज मिरांडा वाक्य अर्धवट सोडून ते जाईपर्यंत थांबतो. आज थांबवायला वाक्यच नव्हतं.

मालन तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला होती. तिच्याकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि म्हणून तिथंच बघितलं. मालन वर्सोव्याची. तिची आई मथुरा अंधेरीच्या मार्केटात मासळी विकायची. पोर पहाटे उठून बोंबील वाळत घालायची आणि मग कॉलेजला यायची, केसांना चमेलीचं तेल चोपडून, तरी मासळीचा वास पुरता जायचा नाही. पुढच्या बाकावरच्या मुली सरकून बसत आणि मालन ते बघून न बघितल्यासारखं करे. गेल्या वर्षी तिचे सगळे विषय सुटले, हा एक राहिला. त्या वेळी ती तापात पेपरला बसली होती. यंदा तेवढ्यासाठी वर्षभर परत आली, रोज पहिल्या तासाला. अंधेरीच्या एका शाळेत जूनपासून जागा होती, बी.ए. झाली तर. तिथल्या बाईंना मिरांडानंच सांगून ठेवलं होतं. आणि झाली नाही तर काय, तेही मालननं स्टाफरूमच्या दारात उभं राहून सांगितलं होतं. "आय बोलते, ह्या टायमाला झालं तर झालं सर, नायतर डोक्यावर पाटी. ती पण काय करील? तिचे गुडघे गेले." हे ती तक्रार म्हणून बोलली नव्हती. उद्या ऊन पडेल, परवा पाऊस, तसं बोलली होती.

आणि जानेवारीत तिनं विचारलं होतं. विचारलं होतं हो, हेच तर मिरांडाला सलत होतं! लायब्ररीतलं ते जाडं पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरून आली होती. "सर, मधली शंभर वर्षं कुठं गेली? मी बघितलं, यात आहेत. वाचू का? जरा जड आहे, पण वाचीन मी." तो घाईत होता की मजेत होता कोण जाणे. म्हणाला, "मालन, मासळी निवडतेस ना तू? काय ठेवायचं, काय टाकायचं, तुला मी सांगू? हे टाकायचं आहे. वेळ घालवू नकोस." ती हसली. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत केलं. मुलीनं स्वतःहून उघडलेलं पान आपण तिच्या हातातून मिटलं, आणि वर विनोद करून मिटलं. तो फळ्यापाशी गेला, खडू उचलून वेळ लिहू लागला आणि त्याला दिसलं की बोटं ओली झाल्यामुळे खडू उठत नाही.

सांगावं का? हा विचार त्याला अगदी शांतपणे आला. रांगेतून फिरायचं, तिच्या बाकाशी रेंगाळायचं, चार मुद्दे पुटपुटायचे. कोण बघतंय? नियम मोडेल, मोडू दे. नोकरी जाईल, एवढ्यानं जात नाही. बाहेर पॅसेजमध्ये सीनियर सुपरवायझर शुभाताई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्यांना पेंग आली होती. तो निघालाही. पहिली रांग, दुसरी रांग. चालता चालता त्यानं मनात मुद्दे जुळवायला घेतले. काय सांगायचं? बुद्धीला महत्त्व. शिस्त. टोप, कॉफी, टिंगल. पुढं? पुढं काय? तो तिसऱ्या रांगेच्या तोंडाशी थांबला. पुढं काहीच नव्हतं. त्यानं डोक्यात उलटंपालटं करून शोधलं, जसं माणूस घाईत कपाट उपसतो, आणि त्याला कळलं की ते कपाट रिकामं आहे. कधी भरलेलंच नव्हतं. मिरांडाला स्वतःलाच अठरावं शतक येत नव्हतं. एम.ए.ला त्यानंही ते ऑप्शनला टाकलं होतं.

हळबे सरांनी टाकायला लावलं होतं. फोर्टातल्या त्या कॉलेजात उंच छताखाली हळबे सर असेच उभे राहायचे, पुस्तक अंगठ्यावर मिटून. टोपवाली माणसं, कॉफी, टिंगल, सगळं त्यांचंच. विनोदसुद्धा मिरांडाचा नव्हता. तेव्हा मागच्या बाकावर बसलेला, गावठाणातून आलेला, चपलेचा अंगठा शिवलेला इसिडोर पोट धरून हसला होता आणि त्याला किती सुटल्यासारखं वाटलं होतं. शंभर वर्षं कमी! हळबे सरांना तरी ते येत होतं का? की त्यांनाही कोणी गोऱ्या प्रोफेसरानं अंगठा घालून पलीकडे नेलं होतं? आणि मिरांडाची पोरं आता वसईला शिकवतात, मुलुंडला शिकवतात. तीही राजा परत आला की पुस्तक मिटत असतील आणि पुढं वर्ग हसत असेल. एका भल्यामोठ्या जिन्याची एक पायरी कोणीतरी कधीतरी काढून ठेवली आणि उडी मारायची सवय सगळ्यांना लागली. ही उडी आहे हेही कोणाला वाटेनासं झालं. व्हिक्टोरियन काळ शिकवताना तो पोरांना एमआयडीसीतल्या चिमण्या दाखवायचा, धूर दाखवायचा, म्हणायचा, यंत्रं आली, माणसं शहरात आली, देवावरचा विश्वास डळमळला. ही यंत्रं कुठून आली, कोणत्या डोक्यातून आली, त्याआधीची माणसं काय विचार करत होती, हे एकाही पोरानं विचारलं नाही. मालन सोडून.

ती वर बघत होती. मिरांडा नेमका तिच्या बाकाशी येऊन थांबला होता. बाकावर कोणीतरी कर्कटकानं वर्ल्ड कप कोरला होता आणि त्यावर तिचा पेपर, दोन्ही हात पेपरावर सपाट. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. तिथं नुसता विश्वास होता, आणि तोच त्याला सोसेना. "सर," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "ह्यातलं आपण काय केलंय?" मिरांडाचं तोंड उघडलं. त्याला खरंच वाटलं की आता काहीतरी बाहेर पडेल, कुठल्या तरी कोपऱ्यातून एखादं वाक्य येईल. त्यानं बाकावर दोन बोटं टेकली, धीर द्यायचा म्हणून, आणि होकारार्थी मान हलवली. "येतंय तुला," तो म्हणाला. "लिही." आणि पळाल्यासारखा पुढं गेला. या जगात ज्यांना देण्यासारखं काही नसतं ते धीर देतात, आणि घेणाऱ्याला तो फार महागात पडतो.

अर्धा तास झाल्याची घंटा झाली तशी पोरं उठू लागली. पहिला उठला तो चंदर, त्याचा हुशार विद्यार्थी. पेपर टेबलावर ठेवताना म्हणाला, "वाट लागली, सर," आणि कसनुसा हसला, म्हणजे तुम्हीही काय करणार, असं. ते हसू मिरांडाला थपडेपेक्षा जड गेलं. बाकीचे त्याच्यामागून गेले. काही बसून राहिले, जेवढं येत होतं तेवढं लिहीत, अधूनमधून खिडकीबाहेर बघत. मालन मात्र लिहीत होती. आधी तिनं मागचे प्रश्न सोडवले, ते तिला येतच होते. मग मान वर करून थोडा वेळ ती छताकडे बघत राहिली, ओठ हलत होते, बोटांवर काहीतरी मोजत होती. आणि मग एकदम खाली वाकून लिहू लागली. अशी लिहू लागली, की तिचा कोपर शेजारच्या रिकाम्या जागेत सरकला. मिरांडा टेबलाशी बसून तिचा हात बघत होता. त्याच्या मनात एक वेडी आशा उगवली. जानेवारीत पुस्तक परत करण्याआधी तिनं ते उघडलं असेल. रात्रभर वाचलं असेल. आपलं ऐकलं नसेल तिनं! देवा, हिनं आपलं ऐकलेलं नसू दे. चर्चमध्ये गुडघे टेकून त्यानं इतक्या मनापासून कधी काही मागितलं नव्हतं.

तिनं हात वर केला. पुरवणी हवी होती. मिरांडा पुरवणी आणि दोरा घेऊन जवळजवळ धावतच गेला. ती शेवटची ओळ पुरी करत होती. त्याला वाचायचं नव्हतं, पण डोळे वाचून मोकळे झाले. इंग्रजी अक्षर गोल, सुबक. निसर्ग हीच माता, निसर्ग हाच गुरू. बुद्धीपेक्षा भावना श्रेष्ठ. शहर सोडून डोंगराकडे चला. कॉमा जिथल्या तिथं, फुलस्टॉप जिथल्या तिथं. सगळी वाक्यं त्याची होती. फेब्रुवारीत विमान जाईपर्यंत थांबून त्यानंच उतरवून दिलेला रोमँटिक काळ, अक्षरशः तोच, फक्त मथळा बदललेला. प्रश्न ज्या शतकाबद्दल होता, त्या शतकाविरुद्ध उठलेल्या माणसांची पानंच्या पानं तिनं त्या शतकाच्या नावावर लिहिली होती. तपासणारा पहिला परिच्छेद वाचेल आणि तांबड्या पेनानं एक आडवी रेघ मारेल. पुढची पानं उलटणारही नाही, आणि निम्मा पेपर गेल्यावर मागच्या प्रश्नांवर पास होण्याइतके मार्क या विषयात कोणाला पडत नाहीत.

तो पुरवणी हातात धरून उभा राहिला. ती म्हणाली, "सर?" आणि हात पुढं केला. थांबवावं हिला? थांबवून काय लिहायला सांगावं? टोप? कोरं ठेवलं तरी शून्य, भरलं तरी शून्य. मग भरू दे. निदान हा वेळ तरी तिला सुखाचा जाऊ दे. हे दयेपोटी वाटलं की भीतीपोटी, हे त्याला ठरवता आलं नाही आणि ठरवायला त्यानं फार वेळही घेतला नाही. त्यानं पुरवणी दिली. पुरवणीवर सही केली. सही वेडीवाकडी आली, ती त्यानं गिरवून सरळ केली.

शेवटची घंटा झाली तेव्हा हॉलमध्ये ती एकटीच होती. पंख्याखाली तिनं पेपर आणि पुरवण्या जुळवल्या, दोऱ्याची गाठ स्वतः मारली, कोळ्याची पोर ती, गाठ घट्टच बसली, आणि सगळं दोन्ही हातांनी त्याच्यापुढं ठेवलं. तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"पहिल्यांदा घाबरलेच मी," ती म्हणाली. "बोलले, मेले आता. मग तुम्ही मान हलवलीत ना, तेव्हा मला वाटलं, सर उगाच नाय बोलणार. केलंय आपण. मग मी सनावळी मोजली. रोमँटिक कधी चालू झालं? सतराशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे अठरावंच शतक झालं ना ते, सर! मधलं आपण टाकलेलं, पण शेपूट तर आपल्या हातात होतं. शेपूट धरलं नि अख्खा मासा वर काढला."

ती हसली. मिरांडानं तिचा पेपर गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली घातला.

"बरोबर ना, सर?"

पॅसेजमधून शुभाताईंची हाक आली, "झालं का हो मिरांडा? सील करायचंय." त्यानं ऐकलं. तिच्या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते त्याला येत होतं. अख्ख्या दिवसात त्याला पक्कं येत असलेलं ते एकच उत्तर. निकाल लागायला अजून उन्हाळा जायचा होता. जूनमध्ये तिला कळेलच. कोणीतरी सांगेलच. नोटीस बोर्ड सांगेल.

"बरोबर," तो म्हणाला. "अगदी बरोबर लिहिलंस."

तिनं खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्याच्या लोकांत अशी पद्धत नाही, पण त्यानं लावू दिला. मग ती जिना उतरून धावत गेली. मिरांडा खिडकीशी आला. खाली गेटाशी झाडाच्या सावलीत मथुरा पाटी उलटी घालून तिच्यावर बसली होती, गुडघा दोन्ही हातांनी दाबत. मालन अर्ध्या वाटेतूनच ओरडली, "आये, सुटला गो!" मथुरा धडपडत उठली. पोरीनं काहीतरी सांगितलं आणि वर खिडकीकडे बोट दाखवलं. त्या बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, वर बघितलं आणि भर उन्हात उभं राहून त्याला हात जोडले. तिला दिसत असेल की नाही कोण जाणे, पण मिरांडानंही जोडले, आणि ती हात खाली घेईना म्हणून त्यालाही घेता येईनात.